जर-तरचे दिवस

एप्रिल निम्मा सरला की हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा पिवळा धुरळा अंगावर बसायला लागतो. शिजवलेली, वाळवलेली, ढोलात घालून चकाकी आणलेली हळद पोत्यांनी येऊन पडते आणि दिवसभर सौदे चालतात. संध्याकाळी आडतीवरची गर्दी पांगली की त्याच ओट्यांवर दुसऱ्या हिशेबाला तोंड फुटायचं. आपली टीम पुढं जाणार का? उरलेल्यातल्या किती मॅच जिंकाव्या लागतील? समोरचा कुणाकडून हरला तर आपलं जमेल? खेळानं मला जे सुख दिलं, त्यातलं सगळ्यात मोठं सुख या जर-तरच्या हिशेबात होतं. कप हातात आला की फटाके फुटतात आणि माणसं घरोघर झोपायला जातात. कप लांब असतो, टीम गटांगळ्या खात असते आणि एखादी बारीकशी वाट तेवढी उरलेली असते, तेव्हा मात्र माणसं एकमेकांना धरून बसतात.

१९९८चा एप्रिल माझ्या पिढीतलं कुणी विसरणार नाही. शारजाला भारत, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांची तिरंगी स्पर्धा चालली होती. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं आणि पहिल्या दोघांनी फायनल खेळायची. आपण १७ तारखेला न्यूझीलंडला हरवलं, १९ला ऑस्ट्रेलियाकडून हरलो आणि २०ला न्यूझीलंडनं आपल्याला धूळ चारली. ऑस्ट्रेलिया एकही मॅच न हरता फायनलमध्ये जाऊन बसलेली. दुसऱ्या जागेसाठी आपण आणि न्यूझीलंड बरोबरीत, आणि आपली एकच मॅच शिल्लक, तीही ऑस्ट्रेलियाशीच.

त्या दोन दिवसांत आमच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. परीक्षा संपलेली पोरं, आडतीवरचे हमाल, शाळेतले सर, लग्नसराईच्या कपड्यांत गढलेले शिंपी, सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, रनरेट. तो नेमका काढायचा कसा हे ठाऊक असलेला माणूस आमच्याकडं एकच, आडत दुकानातले मुनीमकाका. कानाला पेन्सिल, नाकावर घसरलेला चष्मा. हळदीच्या जुन्या पट्टीच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी दोन रकाने पाडले. एका बाजूला आपण काढलेल्या धावा भागिले खेळलेली षटकं, दुसऱ्या बाजूला आपल्यावर झालेल्या धावा भागिले टाकलेली षटकं, आणि शेवटी वजाबाकी. ‘‘ऑल आउट झालात की पन्नासच षटकं धरायची, तिसात गुंडाळले म्हणून तीस नाही,’’ हे त्यांनी इतक्यांदा बजावलं, की गल्लीतल्या चौथीतल्या पोरालाही ते पाठ झालं.

‘‘काका, हरलो तरी जमंल का हो?’’ कुणीतरी विचारायचं.

‘‘जमंल की. पण कसं हरायलो त्याच्यावर हाय,’’ काका म्हणायचे.

२२ तारखेला ऑस्ट्रेलियानं २८४ केल्या. मायकेल बेव्हननं नाबाद शतक ठोकलं. जिंकायला २८५ हव्या होत्या, पण फायनल गाठायला २५४ पुरेशा होत्या. दुकानातला टीव्ही ओट्यावर आणून टेबलावर ठेवलेला, त्याची वायर आतून ओढलेली, आणि समोर पोत्यांवर, सायकलींच्या कॅरियरवर, रस्त्यावर मांडी घालून सगळी गल्ली बसलेली. ३१ षटकांत ४ बाद १४३ झाल्या आणि पडद्यावर वाळूचं वादळ उठलं. खेळाडू जमिनीवर पालथे पडले, पंचांनी तोंडं झाकली. आम्हाला वाटलं, संपलं. कुणी देवाचं नाव घेतलं, कुणी पाणी आणायला उठलं. काका मात्र पट्टी उलटीपालटी करत होते. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा चार षटकं कापली गेली होती. आता ४६ षटकांत जिंकायला २७६ आणि फायनलसाठी २३७. ‘‘पंधरा षटकांत चौऱ्याण्णव,’’ काकांनी खणखणीत आवाजात सांगितलं, जसा मोंढ्यात भाव पुकारतात तसा.

पुढचं साऱ्या देशानं पाहिलं. लक्ष्मण एक बाजू धरून उभा आणि दुसरीकडून सचिन. कॅस्प्रोविचला पुढं सरसावून मारलेले षटकार, वॉर्नला कोपऱ्याकोपऱ्यात धाडलेले चेंडू. प्रत्येक फटक्याला काका उरलेला आकडा सांगत होते आणि गल्ली तो पुन्हा म्हणत होती. २३७ पार झाले तेव्हा हमालांनी पोरांना खांद्यावर घेतलं. सचिन थांबला नाही. फायनल मिळाली, तरी त्याला मॅचही हवी होती. १३१ चेंडूंत १४३ करून तो बाद झाला आणि आपण २५० वर थांबलो. मॅच २६ धावांनी हरलो. हरल्यावर पेढे वाटलेले मी आयुष्यात त्या एकाच रात्री पाहिले. दोन दिवसांनी, २४ तारखेला, पंचविसाव्या वाढदिवशी सचिननं १३४ केल्या आणि कप घरी आला. पण आमच्याकडं आजही लोक आठवण काढतात ती हरलेल्या मॅचची.

तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातला एक तालुका होती. आपला जिल्हा वेगळा होणार का, झाला तर वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव आपल्यात येणार का, याचीही जर-तरची चर्चा त्याच ओट्यावर चालायची, तितक्याच जिव्हाळ्यानं. दुसऱ्याच वर्षी, १ मे १९९९ला, जिल्हा झाला. वाट पाहणं या मातीला नवं नाही. पाऊस येईल का, भाव चढेल का, या दोन प्रश्नांवर ज्यांचं वर्ष चालतं त्यांना शेवटच्या मॅचपर्यंत आस धरायला कुणी शिकवावं लागत नाही.

नंतर आयपीएल आली आणि मुंबई इंडियन्सनं ही आस दरसाल पुरवली. २०१४मध्ये पहिल्या पाचही मॅच हरलेली ही टीम अखेरीस सावरत आली आणि २५ मे रोजी वानखेडेवर राजस्थानविरुद्ध तिला पुढं जायला १४.३ षटकांत १९० हव्या होत्या. कोरी अँडरसननं ४४ चेंडूंत ९५ कुटल्या. नेमक्या १४.३ च्या चेंडूवर रायुडू धावबाद झाला आणि धावसंख्या बरोबरीत अडकली. पुढच्या चेंडूवर चौकार गेला तरी चालेल, असं कळलं तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. आदित्य तरेनं फॉकनरला पहिल्याच चेंडूवर थेट षटकार ठोकला. मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या पोरानं ते करून दाखवलं, म्हणून आमच्याकडं आनंद दुप्पट झाला.

२०२१च्या मे महिन्यात लॉकडाउनमुळं मी पुण्याहून गावी येऊन राहिलो होतो. पुतण्याही हॉस्टेल बंद म्हणून घरी. रोज कुणाच्या ना कुणाच्या जाण्याची बातमी यायची, घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. हा पोरगा रात्री गच्चीवर चादर टाकून मोबाइलवर फुटबॉल बघायचा. त्याची टीम इंग्लंडमधली लिव्हरपूल. आदल्या वर्षी तीस वर्षांनी लीग जिंकलेली ही टीम त्या हंगामात बचावफळीतले भरवशाचे गडी जायबंदी झाल्यानं पार ढेपाळली होती. घरच्या मैदानावर सलग सहा मॅच हरून मार्चमध्ये पहिल्या सहांच्याही बाहेर गेली होती. वीस टीमच्या लीगमध्ये पहिल्या चारांत आलं तरच पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या मोठ्या क्लबांशी गाठ. ‘‘काका, उरलेल्या सगळ्या जिंकल्या आणि लेस्टर घसरली तर होतंय,’’ तो म्हणाला, आणि वहीच्या पानावर पाडलेले रकाने त्यानं माझ्यापुढं धरले. ते पाहून मी त्याच्या शेजारी मांडी घालून बसलो.

१६ मेच्या रात्री वेस्ट ब्रॉमविचशी १-१ अशी बरोबरी होती आणि पंचाण्णवावं मिनिट लागलेलं. कॉर्नर मिळाला तसा लिव्हरपूलचा गोलरक्षक अ‍ॅलिसन आपला गोल मोकळा सोडून पुढं धावत आला आणि त्यानं डोक्यानं चेंडू जाळ्यात घातला. पुतण्या ओरडायचं विसरून माझा दंड घट्ट धरून राहिला. अ‍ॅलिसनचे वडील त्याच फेब्रुवारीत बुडून वारले होते. मॅचनंतर बोलताना त्याला रडू आवरेना. आमच्या घरातही त्या दिवसांत बरंच रडू अडून राहिलं होतं, ते त्या रात्री गच्चीवर वाट मिळून गेलं. आठवड्याभरानं लिव्हरपूल ६९ गुणांवर तिसरी आली, लेस्टर ६६ वर पाचवी राहिली. पुतण्यानं वहीच्या पानावर ठळक रेघ मारली आणि खाली येऊन आईला चहा करून दिला.

खेळ बदलले, पडदा तळहाताएवढा झाला, टीम सातासमुद्रापलीकडच्या झाल्या, पण हिशेब तोच राहिला आणि त्याला लागणारी सोबतही. मला काळजी आहे ती सोबतीचीच. मोबाइल आता सगळी गणितं आयती करून देतो, म्हणून कुणी कुणाला काही विचारत नाही. त्या मुनीमकाकांना आमच्यापेक्षा क्रिकेट जास्त कळत होतं असं नाही, पण आकडा मोठ्यानं सांगायची त्यांची रीत सगळ्या गल्लीला एका ओट्यावर बसवत होती.

या दिवाळीत गावी जाल तेव्हा घरातल्या पोरांना विचारा, तुमची टीम कितव्या नंबरावर आहे आणि पुढं जायला काय काय व्हावं लागेल. ती सांगतील. निम्मं कळणार नाही, तरी बसून ऐका, आणि पुढची मॅच त्यांच्यासोबत बघा.