रिपोर्ट नॉर्मल आहे

नागपूरचा मे महिना, बाहेर ४५ डिग्री, कूलर फुल स्पीडवर, आणि मी पोटावर गरम पाण्याची पिशवी घेऊन आडवी. बघणारा वेड्यातच काढेल. असो.

गेली दोन वर्षं ओटीपोट दुखतंय. पाळीतच नाही, मधल्या दिवसांतही. सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झालं. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका." आपल्या धंद्यात याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात!

मग टीममधली एक मैत्रीण शांघायहून येताना एक डबी घेऊन आली. "तिकडे बायका हेच घेतात." काळ्या गोळ्या, वर सगळं चिनीत. चिनी वैद्यकाच्या मते अशा दुखण्यात रक्त साकळलेलं असतं आणि 'डांग-ग्वेई'सारखी मुळं ते वाहतं करतात. गोळी घेण्याआधी वाचायला बसले. (सवय!)

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, ते एंडोमेट्रिओसिस. अशा दुखण्याचं हे एक मोठं कारण. त्यावरच्या चिनी औषधांचे प्रयोग २००९ साली कॉक्रनच्या तज्ज्ञांनी चाळले. निकषांत बसले फक्त २, बायका मिळून १५८. निकाल आशादायक, पण एवढ्या टेस्टिंगवर आपण रिलीजसुद्धा काढत नाही. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर डांग-ग्वेई धोक्याची. आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी दुसरीच पडली आणि कित्येक बायकांच्या किडन्या कायमच्या गेल्या.

आई म्हणाली, "मग आपलं अशोकारिष्ट घे." इथेही तोच घोळ! औषधातला तो सीतेचा अशोक. आपल्या ले-आउटमध्ये कंपाउंडला लागून सरळसोट उभा असतो तो वेगळाच, आणि त्याची साल खऱ्या अशोकाच्या नावावर खपवली जाते.

शेवटी डबी पर्समध्ये टाकून, आईला घेऊन धंतोलीतल्या दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. कधी दुखतं, कुठे, संडासला जाताना दुखतं का, ऑफिसला किती सुट्ट्या पडतात. मग म्हणाल्या, "एंडोमेट्रिओसिस सोनोग्राफीत बरेचदा दिसत नाही. म्हणून दुखणं खोटं ठरत नाही." डबी उलटसुलट करून परत दिली. "आत काय आहे ते कळल्याशिवाय नको." सध्या हार्मोनच्या गोळ्या सुरू आहेत. नाहीच जमलं तर दुर्बिणीतून बघायचं.

परतताना आई गप्प होती. ऑटो घराजवळ आल्यावर म्हणाली, "मलाही असंच व्हायचं गं. पाळी जाईपर्यंत."

"मग कधी सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कोणी?"

मीही नव्हतं विचारलं. तुम्ही आज घरी विचारून बघा.