पार्ट बदलण्याआधी

‘गाडी स्टार्ट होत नाही’ ही एक तक्रार नाही, तीन आहेत. किल्ली फिरवली तरी सेल्फ हूं की चूं करत नाही, ही पहिली. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, ही दुसरी. इंजिन पकडतं, दोनचार आचके देतं आणि बंद पडतं, ही तिसरी. गाडीवाले तिन्हींसाठी एकच वाक्य वापरतात आणि पाठोपाठ निदानही सांगून टाकतात, ‘बहुतेक बॅटरी गेली.’ त्यावर माझा पहिला प्रश्न असतो, ‘कधी होतं?’ सकाळी थंड इंजिनला, की भाजी घेऊन दहा मिनिटांनी परत आल्यावर? फक्त पावसात? पेट्रोल भरल्यापासून? की रंगकामाहून गाडी आणल्यापासून? वेळ कळली की शोधायची जागा निम्म्याने कमी होते.

माझं काम जुन्या पेट्रोल गाड्यांचं. मुख्यतः प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८००. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतून २०२३च्या ऑक्टोबरअखेर कायमची उतरली. ८०० ही १९८३च्या डिसेंबरात आली आणि तिचं उत्पादन २०१४च्या जानेवारीत थांबलं. आता या गाड्या राहिल्यात त्या हौसेखातर, किंवा वडिलांची आठवण म्हणून. त्या महिन्यातून एकदा बाहेर पडतात, आणि त्यांचे बरेचसे आजार या उभं राहण्यातूनच येतात.

सेल्फ फिरत नसेल तर हेडलाइट लावून किल्ली फिरवा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरलेली आहे, टर्मिनलवर पांढरा क्षार साठलाय, किंवा सेल्फ आतून अडकलाय. दिवे तसेच लख्ख राहिले तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही. मग सोलेनॉइड, इग्निशन स्विच आणि वायर बघायची. मल्टिमीटर असेल तर आणखी नेमकं कळतं. चार्ज झालेली, काही वेळ स्वस्थ ठेवलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली कोसळली तर तिच्यात दम नाही. ती दहाच्या वर टिकते आणि तरी सेल्फ रेंगाळतो, तर मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावून पुन्हा सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थिंग खराब. नव्याने रंगवलेल्या गाड्यांत हे हमखास सापडतं. रंगारी अर्थची पट्टी काढतो, बॉडीला सुंदर रंग देतो आणि पट्टी त्या रंगावरच कसतो. रंगातून करंट जात नाही. मालक नवी बॅटरी आणतो, ती आठवडाभर जोर लावून काम भागवते, आणि मग सेल्फ उतरवून ‘भरायला’ टाकला जातो. दोष पॉलिश पेपरने खरवडण्याइतकाच असतो.

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, तेव्हा तीनच गोष्टी तपासायच्या: ठिणगी, पेट्रोल, कॉम्प्रेशन. आणि त्या याच क्रमाने, कारण पहिलीला दोन मिनिटं लागतात, तिसरीला अर्धा तास. एक जादा प्लग वायरला लावून त्याची धातूची बाजू इंजिनला टेकवायची, पेट्रोलची वाफ असेल त्या जागेपासून दूर, आणि सेल्फ मारायचा. निळसर, कडकडीत ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी दिसली तर डेल्कोचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचं, टोपण उघडून पॉइंट बघायचे. पॉइंट जळून काळेनिळे झाले असतील तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते आणि टायमिंगही मागे सरकतं. पद्मिनीसारख्या गाडीत ही फट साधारण ०.४ मिलिमीटर असते. ती फीलर गेजनेच मोजावी, नजरेने नाही. पावसाळ्यात टोपणाच्या आत ओल धरते आणि हाय टेन्शन वायरमधून करंट झिरपतो. रात्री दिवे मालवून बॉनेट उघडा आणि सेल्फ मारा. झिरपणारी जागा निळी चमकताना दिसते.

ठिणगी ठीक असेल तर एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरमध्ये डोकवायचं आणि इंजिन बंद असताना अ‍ॅक्सिलरेटरची तार ओढायची. पेट्रोलची बारीक धार उडाली तर पेट्रोल तिथपर्यंत येतंय. सेल्फ मारून मारून ओले झालेले प्लग ओव्हरफ्लोची खूण. अशा वेळी चोक आत ढकलून, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारावा, म्हणजे जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. चोक ओढून पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारा गाडी आणखी बुडवतो.

सगळ्यात जास्त चुकीची निदानं होतात ती तापल्यावर बंद पडणाऱ्या गाडीची. बोरघाट चढताना पद्मिनी बंद पडली की ड्रायव्हर पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायचे, आणि थोड्या वेळाने गाडी सुरू व्हायची. त्यामागचं कारण खरं आहे. इंजिनला चिकटलेला मेकॅनिकल पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. पण फडकं ठेवून वीस मिनिटं थांबलं की पंपाबरोबर इग्निशन कॉईलही थंड होते. आणि कॉईलच्या आतल्या तारांचं इन्सुलेशन गेलेलं असेल तर तीही नेमकी अशीच वागते: थंड असताना उत्तम, तापली की ठिणगी गायब, थंड झाली की पुन्हा हजर. मग फडक्याला श्रेय मिळतं आणि दोष कॉईलमध्ये तसाच राहतो. फरक कळण्याची वेळ एकच: गाडी बंद पडल्याच्या पुढच्या मिनिटाला. त्याच वेळी ठिणगी बघा. ठिणगी असेल तर पेट्रोलच्या मागे लागा, नसेल तर कॉईलच्या. गॅरेजमध्ये ओढून आणलेली गाडी तोवर थंड झालेली असते, आणि ‘आमच्याकडे तर लगेच चालू झाली’ हे वाक्य ऐकावं लागतं.

आता आयडलिंग. सिग्नलला गाडी थरथरते, मिसिंग होतं, पण हायवेला एकदम मस्त पळते, असं सांगणारे पुष्कळ. सायकल वेगात सरळ जाते आणि हळू चालवली की डगमगते, तसंच इंजिनचं आहे. आयडलिंगला हवा थोडी, पेट्रोल थोडं, फ्लायव्हीलचा जोरही थोडा, त्यामुळे वेगात झाकला जाणारा बारीकसा दोष इथे उघडा पडतो. त्यात ८००ला सिलिंडरच तीन. एक रुसला की एक तृतीयांश ताकद गेली आणि स्टिअरिंगपासून आरशापर्यंत सगळं हलायला लागलं.

पॉइंटच्या जुन्या गाडीत कोणता सिलिंडर काम करत नाही हे शोधायला इन्सुलेटेड पक्कडीने एकेक प्लगची वायर क्षणभर काढतात. जी काढल्यावर इंजिनचा आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आधीच गप्प होता. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीवर हा प्रयोग करू नये, मॉड्यूल जळू शकतो. सगळेच सिलिंडर सारखे अडखळत असतील तर फुकटची हवा आत शिरतेय का ते बघावं: कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट, डेल्कोची व्हॅक्यूम नळी, ब्रेक बूस्टरचा पाइप. व्हॅक्यूम गेज हे यासाठीचं स्वस्त आणि दुर्लक्षित हत्यार आहे. मुंबईत निरोगी इंजिन आयडलिंगला पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं, काटा स्थिर. महाबळेश्वरच्या उंचीवर तोच आकडा चारेक इंच खाली येतो, तो दोष नव्हे. काटा सतत खाली राहिला तर हवेची गळती किंवा मागे गेलेलं टायमिंग; ठरावीक तालात झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह. माझ्याकडे आलेल्या एका झेनचे प्लग, वायर, कॉईल नवे होते, कार्ब्युरेटरही दुसरा बसवलेला. ब्रेक दाबला की आयडलिंग बदलायचं. बूस्टरचा पाइप चिमटीत धरला आणि इंजिन शांत झालं.

टॅपेटबद्दल थोडं सविस्तर सांगतो. ‘टकटक आवाज बंद करा’ असा आग्रह धरणारे मालक असतात आणि टॅपेटची फट शून्यावर आणून तो पुरवणारे मेकॅनिकही असतात. इंजिन तापलं की धातू प्रसरण पावतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. गाडी थंड असताना गोड, गरम झाली की सिग्नलला झटके. सीएनजी किट लावलेल्या जुन्या गाड्यांत व्हॉल्व्हची सीट झिजून ही फट आपोआपच कमी होत जाते. थोडा टकटक आवाज ही तब्येतीची खूण आहे.

एक नवं कारणही आता यादीत घ्यावं लागतं. बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाच्या साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पट. म्हणजे जुन्या मापाच्या जेटवर मिश्रण पातळ पडतं आणि त्याचा पहिला परिणाम आयडलिंगवर होतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सैल करून जेटमध्ये आणतं. जुन्या रबरी नळ्या, पंपाचं डायफ्रॅम फुगतं, कडक होतं. म्हणून नळ्या बदला, फिल्टर पारदर्शक बसवा, आणि टाकी महिनोन्‌महिने अर्धी ठेवून गाडी उभी करू नका.

इंजेक्शनच्या जुन्या गाडीला हाच क्रम लागू आहे. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाची दोन सेकंदांची घूं ऐकू येते का, हा पहिला प्रश्न. स्कॅनर सेन्सरचं नाव सांगतो. तो सेन्सर खराब आहे, की त्याची वायर उंदराने कुरतडलीय, की सेन्सर खरं सांगतोय आणि इंजिनच बिघडलंय, हे मात्र मीटरनेच ठरतं.

पुण्याच्या नाना पेठेत या गाड्यांचे पार्ट अजून मिळतात, पण नवा डबा म्हणजे चांगला माल असं राहिलेलं नाही. चालू असलेला जुना कंडेन्सर काढून नवा नकली बसवला तर एका दोषाचे दोन होतात. म्हणून मालकांना सांगणं एवढंच: गाडी देताना निदान सांगू नका, बिघाड कधी होतो ते सांगा. बदललेला प्रत्येक जुना पार्ट परत मागा, आणि तो बदलण्याआधी कोणतं मोजमाप घेतलं ते विचारा. उत्तर मिळालं नाही, तर गॅरेज बदला.