पंचवीस फेऱ्या

धांवणें हें मुलग्यांचें काम, आणि तेंही मुंज होईपर्यंतचें, अशी आमच्या नाशिकच्या वाड्यांत एक न बोललेली समजूत होती. त्यामुळें धाकट्या बंधूंची मुलगी शाळेच्या शर्यतींत पहिली आली तेव्हां घरांत पेढे आले नाहींत. पुढें तिला बाहेरगांवीं स्पर्धेस पाठवावें म्हणून तिच्या बाई विचारावयास आल्या. त्यांना चहा देऊन नकार मींच दिला. "दहावीचें वर्ष आहे," असें मी म्हणालों. दहावी वास्तविक एक वर्ष दूर होती; पण वडीलधाऱ्या माणसाला सबब तपासून द्यावी लागत नाहीं. मुलगी ओटीवरून सर्व ऐकत होती. ती कांहीं बोलली नाहीं.

पुढें ८ ऑक्टोबर २०१० रोजीं, घटस्थापनेच्या सायंकाळीं, तीच मुलगी माहेरीं आलेली असतांना आम्ही सगळे दूरदर्शनसमोर बसलों होतों. दिल्लीस राष्ट्रकुल स्पर्धा चालू होत्या. स्त्रियांची दहा हजार मीटरची धांव होती, आणि तींत आपल्या जिल्ह्याची कविता राऊत होती.

सावरपाडा हा हरसूलकडच्या डोंगराळ मुलखांतला आदिवासी पाडा. आम्ही नाशिककर त्र्यंबकेश्वराला वर्षांतून दोनदां जाणारे. परंतु त्यापलीकडे माणसें राहतात याची आम्हांला फारशी आठवण नसे. तेथें १९८५ सालीं जन्मलेली ही मुलगी डोक्यावर पाणी वाहून आणी आणि अनवाणी शाळेस जाई. पुढें नाशिकांत विजेंद्र सिंग यांच्यासारखा गुरु तिला लाभला. लोक तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणूं लागले. मला हें नांव तितकेंसें रुचलें नाहीं. आगगाडीला रूळ तरी कोणी घालून देतो!

चारशें मीटरची एक, अशा पंचवीस फेऱ्या. पहिल्या दहांत मला कांहीं कळलें नाहीं. मुलगी मात्र पदराचें टोंक बोटाला गुंडाळीत पुटपुटत होती, "अजून राखून ठेवते आहे." कविता तिसरी आली. वेळ ३३ मिनिटें ५.२८ सेकंद. राष्ट्रकुल स्पर्धेंत धांवपट्टीवर स्वतंत्र पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. १९५८ सालीं कार्डिफला मिल्खा सिंग यांनीं सुवर्णपदक जिंकल्यानंतर भारताला असें पदक मिळालेंच नव्हतें. घरांत टाळ्या पडल्या. मुलगी उठून आंत गेली.

सहा आठवड्यांनीं चीनमध्यें ग्वांगझूला आशियाई स्पर्धेंत कविता तेंच अंतर ३१ मिनिटें ५१.४४ सेकंदांत धांवली, म्हणजे दिल्लीहून सव्वा मिनिटाच्या आसपास लवकर. सुवर्णपदक प्रीजा श्रीधरन हिला मिळालें; दोघींत अंतर एक सेकंदाहूनही कमी. पांच हजार मीटरला कविता तिसरी आली. २०१२ सालीं तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें ती मॅरेथॉन धांवली आणि १२० वी आली. वेळ २ तास ५९ मिनिटें २९ सेकंद. आमच्या वाड्यांत एकानें तेवढाच आंकडा हंसत सांगितला. बेचाळीस किलोमीटर चालत जाण्याचा प्रसंगही त्याच्यावर कधीं आला नसावा. मीं त्याला फटकारलें, परंतु हा अधिकार मला कोठून आला, हेंही त्याच क्षणीं मनांत आलें.

त्या घटस्थापनेच्या रात्रीं जेवणें झाल्यावर पुतणीनें पानें उचलतां उचलतां विचारलें होतें, "काका, शाळेंत माझी वेळ किती लागली होती हो? तुम्हांला आठवतें?"

मला आठवत नव्हतें. दुसऱ्या दिवशीं माळ्यावरची पेटी उघडून तिचें प्रशस्तिपत्रक शोधून काढलें. त्यावर तिचें नांव होतें, 'प्रथम' असें लिहिलें होतें आणि खालीं मुख्याध्यापकांची सही होती. वेळ कोणीं लिहिलीच नव्हती.