दारव्ह्यात बॅटमॅन केव्हा आला?

१/ या धाग्यांतून आपण नेहमी शिलालेख, सनदा आणि नाणी यांच्याविषयी बोलतो. आज मात्र तळहाताएवढ्या एका पिवळ्या प्लास्टिकच्या कॅसेटविषयी लिहितो आहे. तिच्यात ‘बॅटमॅन’ नावाचा व्हिडिओ गेम आहे. हा खेळ जपानमध्ये डिसेंबर १९८९ मध्ये विक्रीस आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला, आमच्या घरी, तो डिसेंबर २००६ मध्ये पोहोचला. मधल्या सतरा वर्षांत काय घडले, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/ आधी मूळ वस्तू. जून १९८९ मध्ये अमेरिकेत टिम बर्टन दिग्दर्शित ‘बॅटमॅन’ चित्रपट प्रदर्शित झाला. मायकेल कीटन नायक होता आणि जॅक निकोल्सन जोकर. गाजलेल्या चित्रपटाच्या नावावर खेळ काढण्याची प्रथा तोवर रुळली होती. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रासाठी, जे १९८३ पासून जपानी घरांत होते, हा खेळ सनसॉफ्ट या जपानी कंपनीने तयार केला.

३/ प्लॅटफॉर्म प्रकारच्या खेळात नायक फळ्या, कठडे आणि भिंती ओलांडत, उड्या मारत पुढे जातो. सनसॉफ्टच्या खेळात असे पाच टप्पे आहेत. गॉथम शहराच्या रस्त्यावरून सुरुवात होते, पुढे रसायनांचा कारखाना लागतो आणि शेवटी कॅथेड्रलच्या उंचीवर जोकरशी गाठ पडते. नावे आणि स्थळे चित्रपटाची. चाल मात्र खेळाची स्वतःची. इथला बॅटमॅन एका भिंतीवर पाय टेकून समोरच्या भिंतीकडे झेपावतो. चित्रपटातल्या कीटनचा रबरी पोशाख इतका जड होता की त्याला मानही धड वळवता येत नसे. भिंतीवरची ही झेप टेक्मो कंपनीच्या १९८८ च्या ‘निन्जा गायडेन’ या खेळाच्या कुळातली आहे. थोडक्यात, अमेरिकन कथानायकाच्या अंगात जपानी निन्जा उतरला होता.

४/ यंत्राच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. फॅमिकॉमची कार्यस्मृती केवळ २ किलोबाइट होती. या धाग्यातला एखादा मोठा परिच्छेदही युनिकोडमध्ये तीत मावायचा नाही. हलत्या आकृतीच्या प्रत्येक तुकड्याला तीनच रंग मिळत. पार्श्वभूमी बहुतांशी काळी, नायकही काळ्या वेशातला. म्हणून की काय, खेळातला बॅटमॅन जांभळा दिसतो. ध्वनीसाठी पाचच वाहिन्या होत्या. चित्रपटाला डॅनी एल्फमनचे संगीत आणि प्रिन्सची गाणी होती. खेळाने ती घेतली नाहीत. नाओकी कोदाका या संगीतकाराने त्या पाच वाहिन्यांसाठी स्वतंत्र रचना केल्या आणि आजही जगभरचे जाणकार त्या आवडीने ऐकतात.

५/ आता प्रवास. आमच्या घरचे यंत्र निन्टेन्डोचे नव्हतेच. ती फॅमिकॉमची नक्कल होती. अशा नकला आशियात ऐंशीच्या दशकापासून निघत होत्या. पुढे मूळ यंत्रातले अनेक सुटे भाग एकाच चिपमध्ये सामावले गेले. अशी नक्कल उघडून पाहिली, तर हिरव्या पट्टीवर डांबराच्या थेंबासारखा एक काळा गोळा दिसतो. त्या गोळ्याखाली सारे फॅमिकॉम असते. यंत्र त्यामुळे विलक्षण स्वस्त झाले.

६/ स्वस्त वस्तूलाही वाट लागते. भारताने उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर संख्यात्मक निर्बंध ठेवले होते. १९९१ च्या उदारीकरणानंतरही ते पूर्णपणे गेले नाहीत. उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे निर्बंध १ एप्रिल २००१ पासून उठले; त्याच वर्षीच्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. पुढच्या काही वर्षांत खेळणी, घड्याळे, विजेऱ्या आणि टीव्ही गेम आठवडी बाजाराच्या ताडपत्रीपर्यंत आले. दारव्हा हे शकुंतला रेल्वेच्या नॅरोगेज मार्गावरचे गाव. विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी तो लोहमार्ग टाकला गेला होता. जागतिक व्यापार आमच्या गावाला नवा नव्हता. नवी होती ती त्याची उलटी दिशा.

७/ आमच्या कॅसेटवर बॅटमॅनचे चित्र नाही. एका मोटारसायकलस्वाराचे आहे. आतल्या पहिल्या पडद्यावर निर्मात्याच्या नावाची ओळ असायला हवी, ती पुसलेली आहे. टप्पे, शत्रू आणि संगीत मूळ खेळाशी ताडून पाहिल्यावरच हा सनसॉफ्टचा ‘बॅटमॅन’ आहे, असे मला खात्रीने म्हणता आले. अशा नकली कॅसेटांमध्ये ही खाडाखोड सर्रास आढळते.

८/ इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला जोगळटेंबी आठवल्यावाचून राहत नाही. १९०६ मध्ये नाशिकजवळ सापडलेल्या त्या निधीत नहपान क्षत्रपाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. नाणे तेच, धातू तोच, स्वामी बदललेला. फरक एवढाच की सातकर्णीने जुने नाव दाबून स्वतःचे नाव मिरवले. कॅसेटच्या नकलकारांनी जुने नाव पुसून ती जागा रिकामी ठेवली. त्या रिकाम्या जागेची किंमत कोदाकांसारख्यांनी मोजली. आमच्या पैशांतला एक पैसाही त्यांच्यापर्यंत गेला नाही. भारतीय कायद्याने १९८४ च्या दुरुस्तीपासून संगणकीय आज्ञावलीला लेखनकृतीचे संरक्षण दिले आहे. तेव्हा ही वस्तू बेकायदा होती, यात शंका नाही. पण बेकायदा वस्तू हीसुद्धा ऐतिहासिक साधन असते. खोटी सनदही आपण अभ्यासतोच.

९/ नाव नाही, साल नाही, मग आगमनाचा काळ कसा ठरवावा? नाण्यांच्या निधीबाबत एक नियम आहे: नाणे पाडल्याचा काळ वेगळा आणि ते पुरल्याचा काळ वेगळा. दुसऱ्या काळासाठी दुसरा पुरावा लागतो. माझा पुरावा म्हणजे बाबांची खिशातली डायरी. डिसेंबर २००६ च्या एका पानावर कापूस विकल्याची रक्कम आहे. तिच्याखाली उधारीचे चार आकडे वजा केलेले आहेत. सर्वांत शेवटी बाबांच्या तिरप्या अक्षरात लिहिले आहे: ‘टीव्ही गेम, ३५०’.

१०/ ती तारीख साधी नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले होते. त्या सहांत यवतमाळ होते. देशभरच्या वर्तमानपत्रांत आमच्या जिल्ह्याचे नाव येई ते शेतकरी आत्महत्यांच्या बातमीत, आणि ती बातमी खोटी नव्हती. आमच्या ओळखीच्या घरांतही त्या हंगामात सुतक होते. अशा वर्षी उधारी फेडून उरलेल्या पैशांतले साडेतीनशे रुपये बाबांनी खेळण्यावर का घालवले, हे मी त्यांना गेल्या वर्षी विचारले. त्यांनी थोडा वेळ घेतला. म्हणाले, “घरात तेव्हा कोणी हसत नव्हतं ना बापा.” मी ते वाक्य जसेच्या तसे उतरवून घेतले. संशोधन आराखड्याच्या कुठल्या रकान्यात ते बसते, ते अद्याप मला ठरवता आलेले नाही.

११/ तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि दादा बाराचा. खेळ खरे म्हणजे त्याचाच, मी प्रेक्षक. या खेळात प्रगती जतन करण्याची सोय नाही. वीज गेली की सारे गेले. पुन्हा गॉथमच्या रस्त्यावरून आरंभ. भारनियमनाचे वेळापत्रक आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलेले असे आणि वीज असण्याच्या अवधीत पाचही टप्पे बसवणे हा दादाचा खरा सामना होता. कुठल्या भिंतीवर किती क्षण थांबायचे, हे त्याने पाठ केले. इंग्रजी संवाद त्याला वाचता येत नसत, म्हणून कथा त्याने स्वतः रचली. रसायनांचा कारखाना ही त्याच्या लेखी जिनिंग फॅक्टरी होती आणि जोकर हा मापात मारणारा व्यापारी. तीन वर्षांत खेळ एकदाच पूर्ण झाला. शेवटचा पडदा पाहायला शेजारची चार मुले दारात उभी होती.

१२/ चित्रपट आम्ही फार उशिरा पाहिला, दादा पुण्याला नोकरीस लागल्यावर, त्याच्या लॅपटॉपवर. तो दारव्ह्याच्या टॉकीजमध्ये लागल्याचे घरात कोणालाच आठवत नाही. अर्धा चित्रपट झाल्यावर दादा वैतागून म्हणाला, “काऊन बे, हा तं भिंतीवरून उडीच नाही मारत!” त्याच्यासाठी खेळ हे मूळ होते आणि चित्रपट ही त्याची फिकी नक्कल. जागतिक कालक्रमात चित्रपट आधी, खेळ नंतर; दारव्ह्याच्या कालक्रमात खेळ आधी, चित्रपट नंतर. दोन्ही कालक्रम खरे आहेत. आपल्या पुस्तकांत मात्र पहिलाच येतो.

१३/ एक तुलना करतो. २०११ च्या दिवाळीत ‘रा.वन’ हा हिंदी सुपरहीरोपट आला. त्यावर आधारित खेळ मुंबईच्या ट्राइन गेम्सने प्लेस्टेशन २ आणि ३ साठी केला होता. नायक आपला, भाषा ओळखीची, निर्माते याच राज्यातले. पण तो खेळायचा तर प्लेस्टेशन हवे. आमच्या वर्गात ते कोणाकडेही नव्हते. चित्रपटाची गाणी आम्हाला पाठ होती, खेळ मात्र आम्ही कधी डोळ्यांनीही पाहिला नाही. खेळाच्या नकाशावर दारव्ह्याला मुंबईपेक्षा जपान जवळचा होता. अंतर किलोमीटरमध्ये मोजून हे कोडे सुटत नाही. त्यासाठी आयात धोरण, चिपची किंमत आणि आठवडी बाजार हीच मापे हवीत.

१४/ म्हणून माझे म्हणणे एवढेच: वस्तूच्या इतिहासात निर्मितीच्या तारखेइतकाच मान आगमनाच्या तारखेला द्यावा. निर्मितीची तारीख टोकियो आणि न्यूयॉर्कचे अभ्यासक जपतीलच. आगमनाची तारीख आपण लिहिली नाही, तर ती कोणीही लिहिणार नाही, आणि मग २००६ च्या यवतमाळचे केवळ मृत्यूंचे आकडे उरतील. त्या घरांत मुले होती आणि त्यांना हसताना पाहण्यासाठी कोणीतरी उधारीच्या हिशेबाखाली आणखी एक ओळ लिहीत होते, हेही त्या वर्षाचे सत्य आहे.

१५/ आमच्या कॅसेटसाठी मी एक नोंदपत्र केले आहे: वस्तू, रंग, किंमत, कोणी आणली, कुठून, केव्हा, कोण खेळले, वीज किती तास असे. डायरीच्या पानाचे छायाचित्र त्याला जोडले आहे. दिवाळीची साफसफाई जवळ आली आहे आणि अशा वस्तू भंगारवाल्याकडे जाण्याचे हेच दिवस असतात. तुमच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल, तर ती देण्यापूर्वी घरातल्या मोठ्यांना दोन प्रश्न विचारा: ही केव्हा आली, आणि त्या वर्षी घरात काय चालले होते? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा, आणि त्यांची हरकत नसेल तर या धाग्याखाली जोडा. गावाचे नाव आणि साल मात्र विसरू नका.