मॉडेल आणि मुदतठेव

भाच्याला बँकेत जायचे आहे हे ऐकून मी हुरळलो. पण त्याला 'इन्व्हेस्टमेंट' बँक हवी होती! म्हणजे जिथे पासबुक नाही आणि निराधार योजनेची रांगही नाही, अशी बँक. तिथे शिरायला म्हणे 'फायनान्शियल मॉडेलिंग'चा कोर्स लागतो. मॉडेलिंग ऐकून बहिणीने आधी त्याच्या उंचीची काळजी केली.

कंपनीचा नफातोटा, ताळेबंद आणि रोखीची आवकजावक एक्सेलमध्ये एकमेकांना जोडायची आणि पुढल्या 5 वर्षांचे भविष्य सांगायचे, हे ते मॉडेल. चंद्रपुरात बसून पठ्ठ्याने 4 माहितीपत्रके जमवली. सगळ्यांत 'प्लेसमेंट असिस्टन्स' ठळक. असिस्टन्स म्हणजे नोकरी नव्हे, हे बारीक अक्षरात. बारीक अक्षरे वाचण्याचाच तर आम्हांला पगार मिळतो.

फी बहिणीची मुदतठेव मोडून भरायची होती. म्हणून म्हटले, "बाबू, तयार साचा हाती देतात की कोऱ्या पानावर बांधायला लावतात, ते आधी विचार. ताळेबंद जुळला नाही तर फरक शोधतात की दडपतात, तेही विचार. आणि आपल्या गडचिरोलीच्या तेंदूपानाचे मॉडेल करून दाखवा म्हणावं. 70 पानांचा पुडा, 1000 पुड्यांची गोणी, इथवर एक्सेल हुशार. पण ऐन मे महिन्यात अवकाळी पाऊस आला तर?"

तिघांनी सवलत देऊ केली. चौथ्याने विचारले, "पाऊस आला तर किती पान खराब होतं?"

ठेव चौथ्यासाठी मोडली. मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याज मात्र मीच कापले. भाचा घरी, काउंटरवर खातेदार!