मॅनिफोल्डचा मोडलेला स्टड

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या सर्व सिलिंडरांतून बाहेर पडणारा जळका वायू एकत्र करून सायलेन्सरच्या नळीत सोडणारा बिडाचा भाग. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या १०८९ सीसीच्या मोटारीत तो ॲल्युमिनियमच्या हेडवर पोलादी स्टडांनी, म्हणजे दोन्ही टोकांना आटे पाडलेल्या दांड्यांनी, आवळलेला असतो. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावत असल्याने स्टडांवर सतत ताण येतो. त्यात अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या खाऱ्या, दमट हवेत पोलाद आणि ॲल्युमिनियम जिथे टेकतात तिथे क्षार साचून आटे धरतात, आणि नट सोडवताना नटाऐवजी स्टडच पिळवटून तुटतो. त्यात कारागिराचा दोष असतोच असे नाही.

प्रस्तुत लेखकाच्या पद्मिनीबाबत घडले ते मात्र एवढ्यावर थांबले नाही. पॅकिंग, म्हणजे हेड आणि मॅनिफोल्ड यांच्यामधली फट बुजवणारा पातळ थर, जळल्यामुळे गाडी मुरूड परिसरातील एका गॅरेजात देण्यात आली. तिथे कडेचा एक स्टड हेडलगत मोडला, आणि तो काढण्याऐवजी वर लांबी भरून काळा रंग फासण्यात आला. गाडी ताब्यात देताना इंजिन बराच वेळ चालवून तापवलेले होते. गळक्या मॅनिफोल्डची टकटक थंड इंजिनावर ठळक ऐकू येते आणि धातू तापून फुगला की फट बरीचशी मिटते, हे गॅरेजवाल्याला पक्के ठाऊक असणार. ग्राहकाला ते ठाऊक नसेल असे त्याने धरून चालावे, हे आजही सहन होत नाही. दुसऱ्या सकाळी टकटक परतली, लांबी जळून गळाली, आणि तक्रारीवर ‘जुनी गाडी म्हटली की आवाज असायचाच’ एवढेच उत्तर मिळाले. मजुरी पूर्ण घेतलेली होती. शिवाय गळणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, आणि पावसात काचा लावून बसलेल्या माणसांपर्यंत तो पोहोचू शकतो. तेव्हा ही फसवणूक केवळ पैशाची नव्हती. दुरुस्तीनंतर गाडी थंड असतानाच सुरू करून पाहण्याचा आग्रह प्रत्येक मालकाने धरावा.

पुढे दुसऱ्या कारागिराने लेखकासमोर काम केले. आदल्या रात्रीच आट्यांत झिरपणारे तेल सोडून ठेवले होते, तरी मोडका स्टड हलेना. त्यावर वेल्डिंगने नट चिकटवला, तोही तुटला. अखेर नेमका मध्य साधून तो ड्रिलने पोखरावा लागला, आणि हेडमधले आटे गेल्यामुळे तिथे पोलादी तारेचे वेटोळे, म्हणजे नव्या आट्यांचे अस्तर, बसवावे लागले. एका स्टडपायी जाणारा हा वेळ आणि एवढी मजुरी द्यायला क्वचितच तयार होणारा ग्राहक लक्षात घेता, पहिल्या गॅरेजवाल्याविषयीचा राग पूर्वीइतका ठाम राहिला नाही. मात्र तापवून दिलेल्या इंजिनाची आठवण झाली की तो पुन्हा उसळतो.

मॅनिफोल्डचे वाकलेले तोंड लेथवर सपाट करून घेतल्यावर नवे पॅकिंग घातले गेले, आणि नट मधून कडांकडे, थोडेथोडे करत आवळले गेले, कारण एका टोकापासून आवळल्यास बीड तडकण्याचा धोका असतो. इंजिन एकदा तापून पूर्ण थंड झाल्यावर तेच नट पुन्हा आवळण्यात आले, कारण उष्णतेने नवे पॅकिंग दबते आणि नट सैल पडतात.