दोन बिऱ्हाडांचा ॲम्प्लिफायर

बँकेत ‘इन्स्ट्रुमेंट’ हा शब्द आम्ही दिवसातून पन्नास वेळा उच्चारतो आणि दर वेळी त्याचा अर्थ ‘चेक’ असा असतो. १८८१ सालच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टानं तो अर्थ पक्का करून ठेवला आहे. त्यामुळे जगात वटणाऱ्या इन्स्ट्रुमेंटांखेरीज वाजणारीही इन्स्ट्रुमेंटं असतात, हे बी. कॉम. झालेल्या माणसाच्या ध्यानात अंमळ उशिराच येतं. मला मात्र ते लंगोटीत असतानाच कळलं होतं, कारण आमच्या घरात तीर्थरूपांची एक हवाईयन गिटार होती आणि ती माझ्याआधी जन्मलेली असल्यामुळे तिला घरात माझ्यापेक्षा जास्त मान होता.

आमचे अप्पा गिरगावातल्या एका दुकानात रेडिओ दुरुस्त करीत. तो रेडिओही व्हॉल्व्हचा. बटण फिरवलं की लगेच तोंड उघडायची त्याला सवय नव्हती. आधी आतल्या काचेच्या नळ्या हळूहळू तांबूस व्हायच्या, मॅजिक आयचा हिरवा डोळा किलकिला व्हायचा आणि मग, पाहुण्यांनी पायरीवर चपला काढून यावं तसं, ‘आपली आवड’ घरात यायचं. शाळेला सुट्टी असली की मी दुकानात जाऊन अप्पांच्या हातात पकड देत असे. सोल्डर करायला मी तिथंच शिकलो. पुढं बँकेत लागल्यावर ते ज्ञान कुठल्याही लेजरात बसलं नाही, एवढंच.

दुकान बंद झालं की अप्पा गिटार काढायचे. ज्यांनी व्हॅन शिप्ले, हजारासिंग किंवा सुनील गांगुली यांच्या तबकड्या ऐकल्या आहेत, त्यांना हे वाद्य सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. ही गिटार मांडीवर आडवी निजवतात, उजव्या हातानं तारा छेडतात आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवतात. सिनेमातलं गाणं असं वाजतं की, शब्द पाठ नसलेल्या माणसालाही ते पाठ असल्यासारखं वाटावं.

आता चिरंजीवांकडे वळू. चिन्मय सतरा वर्षांचा आहे आणि तोही गिटारच वाजवतो. पण त्याची गिटार उभी असते, गळ्यात पट्ट्यानं लटकते आणि तिचा सूर करवतीच्या गिरणीतून पॉलिश होऊन येतो. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत एक निजलेली आणि एक उभी अशा दोन गिटारी नांदायच्या म्हणजे दोन सवती नांदवण्यासारखंच.

व्हायचं ते झालंच. गणपतीच्या दिवसांत एका रात्री अप्पा म्हणाले, “हे वाजवणं नव्हे, हे दळण आहे.” त्यावर चिन्मय म्हणाला, “आणि तुमची गिटार आजारी आहे. कायम झोपून असते.” झालं! दोघांचं बोलणं बंद. दिवाळीचा फराळसुद्धा दोघांनी दोन खोल्यांत बसून खाल्ला.

मी मधल्यामधे क्लिअरिंग हाऊस झालो. “त्याला सांग, वाजवण्याआधी दुसऱ्याचं ऐकायला शिक,” असं अप्पा म्हणत. मी आतल्या खोलीत जाई. तिथं चिन्मय म्हणे, “बाबा, आजोबांना सांगा, ते माझं ऐकतच नाहीत.” एकच रक्कम दोन्ही बाजूंनी येत होती. पण ती पास कोण करणार?

यात आणखी एक गोष्ट होती आणि ती मला हसण्यावारी नेता येत नव्हती. २०१९ साली आई गेली. तेव्हापासून अप्पांनी गिटारची खोळ काढली नव्हती. आईनंच जुन्या परकराची शिवलेली खोळ. शिवाय अलीकडे त्यांच्या डाव्या हाताला कंप सुटू लागला होता. चहाची बशी कपावर ताल धरायची. डॉक्टर म्हणाले, “वयानुसार आहे, हात वापरात ठेवा.” वापरायचा म्हणजे कशावर? जपमाळ ओढणारे आमचे अप्पा नव्हेत.

अशा वेळी माझ्या लक्षात आलं की, या दोन पक्षांचं एका मुद्द्यावर संपूर्ण एकमत आहे. तो मुद्दा म्हणजे व्हॉल्व्ह. चिन्मयच्या मते खरा आवाज व्हॉल्व्हचाच. अप्पांच्या मते तर व्हॉल्व्हनंतर माणसानं काही शोधलेलंच नाही. १९४७ साली अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये ट्रान्झिस्टर निघाला, पुढं त्यानं एकेका रेडिओतून व्हॉल्व्हची हकालपट्टी केली. पण गिटारवाले मात्र हटून बसले. कारण साधं आहे. ट्रान्झिस्टर म्हणजे नियमावर बोट ठेवणारा तरुण मॅनेजर. मर्यादा संपली की तो लाटेचं डोकं सरळ छाटतो. व्हॉल्व्ह म्हणजे जुना हेडक्लार्क. झेपण्यापलीकडचं काम आलं तरी तो “बघू, करू काहीतरी,” म्हणत हळूहळू वाकतो. त्या वाकण्यात जो खरखरीत गोडवा येतो, त्यावर सारं रॉक संगीत उभं आहे.

लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या ड्रमवाल्याचं दुकान होतं. तिथं १९६२ साली त्याच्या माणसांनी फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ या अमेरिकन ॲम्प्लिफायरचा नकाशा समोर ठेवून पहिला मार्शल ॲम्प्लिफायर बांधला. म्हणजे दुसऱ्याचं बघून घरी बांधणं ही या धंद्यातली थोर परंपराच आहे. मी ती पुढं चालवायची ठरवली. ॲम्प्लिफायर एक, पण चॅनेलं दोन. एक अप्पांचं, स्वच्छ. दुसरं चिन्मयचं, करवतीचं. पुढचा पॉवरचा भाग आणि स्पीकर सामाईक, चाळीतल्या नळासारखा.

“दोघांना दोन का नाही बांधत?” हिनं विचारलं.

“दोन ट्रान्सफॉर्मर, दोन स्पीकर, दोन पेट्या. ठेवायच्या कुठं?”

“एक ठेवायची तरी कुठं?” ही म्हणाली. पण टेबलावर जुना प्लॅस्टिकचा कापड तिनंच अंथरून दिला.

सामानाची खरेदी लॅमिंग्टन रोडला. त्या रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग होऊन जमाना लोटला, पण रेझिस्टन्स अजून लॅमिंग्टन रोडलाच मिळतात. नऊ पिनांचे सिरॅमिक बेस, कंडेन्सर, टॅगच्या पट्ट्या, सगळं एका पिशवीत आलं. ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरानं माझा कागद वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, “व्हॉल्व्हचा? कोण मरायला टेकलंय?” मी म्हटलं, “कोणी नाही. उलट आहे.” त्यानं पुढं काही विचारलं नाही. आठ दिवसांनी दोन्ही ट्रान्सफॉर्मर गुंडाळून ठेवले होते.

राहिले व्हॉल्व्ह. आज नवे मिळतात ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात आणि त्यांच्या किमती पाहिल्या की ते विमानाच्या खिडकीपाशी बसून आले असावेत असं वाटतं. मी नुसतं अप्पांच्या कानावर घातलं. ते काही बोलले नाहीत. उठले, पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले व्हॉल्व्ह. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले, त्या घराण्यातले. ईसीसी ८३ चार आणि ईएल ८४ दोन, बरोब्बर निवडून त्यांनी टेबलावर मांडले. एवढ्या वर्षांत त्यांनी ते विकले नव्हते, फेकले नव्हते आणि त्यांच्याबद्दल कधी अवाक्षरही काढलं नव्हतं.

ईसीसी ८३ ही मोठी मजेदार वस्तू. एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे एका छताखाली दोन बिऱ्हाडं. मोठ्या कामगिरीवर ईएल ८४ ची जोडी. दोघं मिळून साधारण पंधरा वॅट देतात. पंधरा वॅटच्या दिव्यात धड पेपर वाचता येत नाही, पण पंधरा वॅटची गिटार तीन मजले वाचून काढते.

बांधणी सुरू झाली तेव्हा एक अडचण उभी राहिली. रेझिस्टन्सवरचे रंगीत पट्टे अप्पांना दिसेनात. आणि पट्ट्यांचा अर्थ चिन्मयला ठाऊक नव्हता. मी हातात सोल्डरिंग आयर्न घेऊन बसलो होतो, म्हणजे क्लिअरिंग हाऊस त्या दिवशी बंद होतं. दोघांना परस्पर व्यवहार करणं भाग पडलं.

“तपकिरी, काळा, पिवळा,” भिंतीकडे बघत चिन्मय म्हणाला.

“एक लाख ओहम. प्लेटला,” अप्पा खिडकीकडे बघत म्हणाले.

“तपकिरी, हिरवा, लाल.”

“दीड हजार. कॅथोडला.”

“निळा, राखाडी, नारिंगी.”

“अडुसष्ट हजार. तारेच्या तोंडाशी. गिटार तिथून आत येते.”

चौथ्या दिवशी चिन्मयनं भिंत सोडली आणि पाचव्या दिवशी अप्पांनी खिडकी.

या पेटीत तीनशे वीस व्होल्ट फिरत असतात आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सर ते पोटात धरून ठेवतात. म्हणून अप्पांचा नियम असा, की आधी कंडेन्सर रेझिस्टन्समधून रिकामा करायचा, मीटर लावून शून्य बघायचं, तोवर एक हात खिशात. “दोन्ही हात आत घातलेस तर वीज छातीतून जाते.” चिन्मयच्या पॅन्टीला सात खिसे आहेत. ते कशासाठी असतात, हे त्या दिवशी मला प्रथम समजलं.

चासीसला भोकं पाडण्याआधी अप्पांनी आणखी एक विद्या काढली. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला हेडफोन जोडला, शेजारी पॉवरच्या ट्रान्सफॉर्मरला वीज दिली आणि हेडफोन चिन्मयच्या कानाला लावला. “याला हळूहळू फिरव. जिथं गुणगुण सगळ्यात कमी, तिथं खूण कर.” नातू डोळे मिटून तो लोखंडी ठोकळा फिरवत राहिला. इतकं लक्ष देऊन कोणी काही ऐकताना मी ऑडिटच्या दिवसांतही पाहिलेलं नाही.

तरी पेटी पहिल्यांदा पेटली तेव्हा अगदी बारीक गुंजन राहिलंच. अप्पांनी मान तिरकी केली. “पांढरी पाच. अंमळ चढी.” चिन्मयनं ट्यूनर धरला आणि त्याचे डोळे मोठे झाले. “जी, पस्तीस सेंट वर. आजोबा, कसं कळलं?”

“आपली वीज पन्नास सायकलची. डीसी करताना त्याची शंभर होते. चाळीस वर्षं हाच तंबोरा ऐकतोय.”

मग आली खरी परीक्षा. दोन तोंडांच्या वायरनं चिन्मयनं आपली गिटार दोन्ही चॅनेलांत एकदम लावली. आवाज दुप्पट व्हायला हवा, तर तो रोडावला! “बाबा, एक एक लावलं तर ठीक, दोन्ही लावली तर कमी!”

“होणारच,” अप्पा म्हणाले. “प्रत्येक ट्रायोड लाट उलटी करून पुढं देतो. माझ्या चॅनेलात असे दोन आहेत. दोनदा उलटली म्हणजे सुलटी. तुझ्यात करवतीसाठी तीन आहेत, म्हणजे उलटीच. चौथा नुसता पुढं सोडतो, उलटत नाही.”

इथं माझ्या बी. कॉम.चं चीज झालं. मी म्हटलं, “एकच रक्कम एका खात्याला जमा आणि त्याच खात्याला नावे. शिल्लक काय राहणार?”

चिन्मय म्हणाला, “मग माझ्यात आणखी एक ट्रायोड घालू. सुलटं होईल.”

“कशाला?” अप्पा म्हणाले. “तू तुझी गिटार तुझ्या भोकात लाव, मी माझी माझ्या. तू तुझं वाजव, मी माझं. काहीसुद्धा कापलं जात नाही. एकच गोष्ट दोघं उलट्या बाजूंनी सांगायला लागले, तरच शून्य होतं.”

एवढं बोलून ते थांबले. माझ्याकडे बघितलं, चिन्मयकडे बघितलं. मग आत गेले आणि गिटार घेऊन आले. खोळ त्यांनी घडी करून खांद्यावर टाकली.

त्यांच्या डाव्या हातातली कांडी तारेवर थरथरत होती. हवाईयन गिटारीत स्वराला आंदोलन द्यायचं तर कांडी मुद्दाम हलवावी लागते. अप्पा हातातल्या कंपाकडे बघून म्हणाले, “हे बरं झालं. एवढ्यासाठी पूर्वी दोन दोन तास रियाज करायचो. आता फुकट.” आणि वाजवू लागले. चिन्मयनं आपल्या चॅनेलचं बटण आपणहून दोनवर आणलं आणि मागं कॉर्ड धरले. मी हिच्याकडे बघितलं नाही. तीही गॅस बंद करायला म्हणून स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटलेला नव्हता.

याचा अर्थ आमच्या घरी तह झाला असा कृपा करून घेऊ नये. दळण आणि आजार हे दोन्ही शब्द अजून वापरात आहेत, फक्त आता ते परस्पर पोचतात. क्लिअरिंगमधून माझी सुटका झाली. रात्री दहाला पेटी बंद, हा हिचा कायदा आणि तो मी बरोब्बर दहाला बटण दाबून अमलात आणतो.

पण व्हॉल्व्हच्या पेटीत एक गंमत आहे. बटण दाबलं तरी ती लगेच गप्प बसत नाही. कंडेन्सरात थोडं साठलेलं असतं, काच अजून तांबूस असते आणि पाच-सात सेकंद सूर येतच राहतो, हळूहळू विझत. अप्पांना हे कामधंद्यापासून ठाऊक. त्यामुळे मी दहाचं बटण दाबलं की ते गाण्याची शेवटची ओळ सुरू करतात, आणि ती नेमकी त्या शिलकीत बसवतात. चिन्मयला अजून ते जमत नाही. त्याची ओळ अर्ध्यावर तुटते. तो रोज माझ्याकडे रागानं बघतो आणि आजोबांना विचारतो, “कसं बसवता?”

अप्पा पोलादी कांडी पुसत म्हणतात, “उद्या दहाला सांगतो.”